तू म्हणशील ती तपासणी

पडद्याच्या रंगापासून मुलीच्या कॉलेजपर्यंत त्या घरात सगळं ठरवायचा तो नवराच. लिफ्ट मेकॅनिक माणूस, बोलणं तोडून टाकणारं. एका इमारतीतली बंद लिफ्ट बघायला तो जिने चढत होता, तेव्हा छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होऊन मधेच पायरीवर बसला. ॲसिडिटी आहे, हेही त्यानंच ठरवून टाकलं. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा धाकट्या भावानं त्याला जवळजवळ ओढत हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. बायको मागोमाग गेली.

ट्रेडमिलवर सहा मिनिटांत त्याला धाप लागली. निकाल मात्र धड हो नाही, धड नाही नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर हृदय काढून दोन वाटा समजावल्या. एक सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून औषध सोडून फोटो काढायचे. त्रास कमी, पण रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलं असेल तर चित्र धूसर येतं. दुसरी, मनगटातून बारीक नळी थेट हृदयापर्यंत घालायची. चित्र स्वच्छ येतं, अडथळा सापडला तर तिथल्या तिथे मोकळाही करता येतो, पण थोडा धोका असतो. औषध दोन्हींत लागतं, त्याचा ताण किडनीवर येतो, आणि त्याची किडनी आधीच नाजूक होती.

"तुमच्या भावाला असं झालं असतं तर?" बायकोनं विचारलं.

"दोन्ही वाटा बरोबर आहेत, ताई. म्हणूनच तर तुम्हाला विचारतेय."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो त्या कागदावरच्या हृदयाकडे बघत होता.

"तू म्हणशील ते," तो म्हणाला.

आधी तिला ती थट्टाच वाटली. मग त्यानं तो कागद तिच्यापुढे सरकवला.

दीर म्हणाला, वहिनी, सरळ नळीच घाला. मुलगी फोनवर म्हणाली, आई, आधी सीटी. शेजारच्या काकूंना दोन्ही तपासण्यांनी बरे झालेले आणि बिघडलेलेही लोक माहीत होते. तिनं दोन दिवस मागून घेतले. हृदयात काहीतरी घालायचं, हे काही केल्या तिच्या मनाला पटेना. ती सीटी म्हणाली.

नाडीचे ठोके कमी व्हावेत म्हणून त्याला गोळ्या देऊन तासभर बसवलं, मग फोटो काढले. एका वाहिनीत इतकं कॅल्शियम होतं की आत काय आहे ते कळेचना. आठवड्यानं नळी घालावीच लागली. औषध दुसऱ्यांदा गेलं. मुख्य वाहिनी जवळपास बंद निघाली, तिथेच स्टेंट बसला. तो वाचला.

दोन दिवसांनी रक्ताच्या रिपोर्टात किडनीचा आकडा चढलेला आला. तिनं विचारलं, आधीच नळी घातली असती तर असं झालं नसतं ना? डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुन्हा एकदा पाहिला. कदाचित, म्हणाल्या. खात्रीनं नाही सांगता येणार. उतरेलही, वाट बघू.

आठ दिवस झाले, आकडा उतरलेला नाही. तो घरी खुर्चीत बसून असतो आणि भेटायला येईल त्याला कौतुकानं सांगतो, "सगळं हिनंच ठरवलं बरं का." दीर मान खाली घालतो. ती कप गोळा करून आत जाते आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेते.