तांब्याच्या गुंडातला गाळ

तांब्याचं भांडं काळं दिसलं का माहे हात शिवशिवतात. तेच नडलं.

आमचा बुढा, माहा नवरा नत्थू, मौद्यापाशी कन्हान नदीत डुबक्या मारते. कोणाचं जाळं अटको, मोटार बुडो, त्यालेच बोलावतात. मागच्या उन्हाळ्यात डोहात त्याले एक जुनी बुडालेली नाव सापडली. तिच्यातून त्यानं पाण्याचा गुंड आणला, काळाठिक्कर, गाळानं भरलेला. गाळ मी लिंबाच्या बुडाशी ओतला अन् चिंच-राखेनं गुंड असा घासला की तोंड दिसे.

मग नावेची गोष्ट पसरली अन् ग्रामपंचायतीत पुरातत्त्व खात्याचा कागद लागला. नाव लय जुनी आहे, परवान्याशिवाय तिच्यातलं काही काढलं तर गुन्हा. वस्तू काढायच्या परवान्यात इथलाच एक पाणबुड्या घेणार होते. बुढ्याचा जीव त्यातच अटकला. चाळीस वर्षं डुबक्या मारल्या, पण कामाचा माणूस म्हणून कागदावर नाव नाही. आता चोर म्हणून लागते का काय, याचंच भेव.

"गुंड डोहात टाकून येतो वं, कोणाले समजते?"

"अवो, ज्या नदीनं जगवलं तिच्याच आड लपता काय?" मी म्हटलं. गुंड थैलीत घातला अन् दोघं त्या खात्याच्या नागपूरच्या ऑफिसात गेलो.

परवाने अरुंधती मॅडम पाहतात. चकचकीत गुंड पाहून त्यांनी कपाळाले हात लावला. शेकडो वर्षांची पुटं मी घासून टाकली होती म्हणे, त्यातूनच वय कळते. बुढा मान खाली घालून उभा.

"त्याचा गुन्हा एक, माहे दोन. लिहा," मी म्हटलं.

त्यांनी पेन उचलला नाही. "आत काय होतं, मावशी?"

"गाळ. लिंबाले टाकला."

दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्या आंगणात उकिडव्या बसून माती खोदून राहिल्या होत्या. मी ती चहाच्या गाळणीत धुवून देऊन राहिली. काळे पडलेले धानाचे दाणे निघाले, अन् एक निळा मणी. नाव काय घेऊन चालली होती ते त्यातून कळलं. गुंडापेक्षा हे मोठं, मॅडम म्हणाल्या.

गुन्हा लिहिता आला असता. त्यांनी लिहिलं, स्वतःहून आणून दिलं. त्या बाईचे उपकार मी मरेपर्यंत इसरणार नाही.

काल परवाना आला. पाणबुड्या, नत्थू. खाली, गाळ धुणे, तुळसाबाई. बुढ्यानं तो दोनदा वाचून घेतला, प्लास्टिकच्या थैलीत बांधला, कमरेले खोचला अन् डोहाकडे निघाला.

"आता कागद काहून नेता?" मी इचारलं.

"नदीलेही दाखवतो," म्हणे.