पोळ्याच्या दिवशी सरकवलेला धुरा

आमचे हे ख्रिस्ती होणार असं कळलं, तेव्हा मी दोन दिवस भाजीत मीठ घातलं नाही. रागानंच. यांनी मुकाट्यानं खाल्लं आणि वर 'छान झालं' म्हणाले, तेव्हा मात्र मला खरोखर भीती वाटली.

त्याचं झालं असं, की मोर्शीच्या ख्रिस्ती मंडळीत ऐन नाताळात ढोलकी वाजवणारा आजारी पडला. आमचे हे, म्हणजे धर्मेंद्र, गावच्या भजनी मंडळाचे ढोलकीवाले. एका संध्याकाळपुरते वाजवायला गेले आणि तिकडचेच झाले. दोन वर्षं दर रविवारी मोटारसायकल मोर्शीला. भजनी मंडळानं यांच्याकडची ढोलकी काढून घेतली. लग्नाच्या पत्रिका येईनाशा झाल्या. पारावर हे गेले की माणसं एकेक करून उठू लागली. यांना त्याचं वाईट वाटायचं, पण गाणं काही बंद झालं नाही. गोठ्यात शेण काढतानाही गायचे. आमच्या बैलांना सगळी गाणी पाठ झाली असणार.

शेवटी मीच दमले. नवरा हसतमुख झालाय, गातोय, अजून काय पाहिजे? नाताळाआधीच्या रविवारी बाप्तिस्मा ठरला. आणि त्या आठवड्यात एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "एक काम राहून गेलं, माधवी. किसनदादाची जमीन वापस द्या लागते."

मी पळी पातेल्यात आपटली.

किसनराव यांचे चुलतभाऊ. शेताला शेत लागून, मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही, सगळं गाव तोरणाखाली जमतं आणि शेतात चिटपाखरू नसतं. नेमका तोच दिवस आम्ही धरला. सब्बल, म्हणजे पहार घेऊन गेलो, धुऱ्याचे दोन्ही दगड उपटले आणि पाच पावलं पलीकडे रोवले. सब्बल यांनी चालवली, पावलं मी मोजली. मागाहून त्या पट्ट्यात संत्र्याची एक ओळ लावली. बावीस झाडं.

किसनरावांना पत्ता लागला नाही. लागला तो त्यांच्या बायकोला, दुर्गाबाईंना. निंदताना त्यांच्या ओळी कमी भरल्या. भावाभावांत सरकारी मोजणी नको, म्हणून गोष्ट मारुतीच्या पारावर पंचांपुढे गेली. तिथं मी आमच्या आठ वर्षांच्या खुशीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, दगड आजेसासऱ्यांनी रोवले तिथंच आहेत. पंचांनी मानलं. किसनरावांनी सगळ्यांसमोर आपल्या बायकोला येडी म्हटलं आणि हात जोडून माफी मागितली. त्याआधी आम्ही दोघी जावा एका ताटात जेवत होतो, खुशी त्यांना मोठीआई म्हणायची. त्यानंतर दुर्गाबाई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

जमीन मिळाली, पण माझी झोप गेली. खुशीला साधा ताप आला तरी माझे हातपाय गार पडायचे. ती आता अमरावतीला नर्सिंग शिकते, चांगली धडधाकट आहे. तरी ती घरून निघाली की मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत नाही. धजतच नाही. हे मी यांनाही कधी सांगितलं नव्हतं.

"तुमचा देव माफ करते म्हणता ना?" मी म्हटलं. "मग त्यालेच सांगा."

"त्यानं केलं माफ. पण जमीन त्याची नाई, किसनदादाची हाय."

"बहार झाडावर हाय. संत्रं तरी तोडून घ्या."

"झाडं त्याच्या जमिनीत. मंग संत्रं कोणाचं?"

"माझं नाव सांगसान तिथं?"

"नाई. माझं मी सांगतो. तुझं तू पाह्य." एवढं बोलून ताक मागितलं. मला त्या क्षणी ताकाचं भांडं डोक्यावर ओतावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. मी जाणार नव्हते. पण पाय कुठले ऐकतात! विहिरीच्या मागं जाऊन उभी राहिले. धुऱ्यावर किसनराव आणि दुर्गाबाई होते. यांनी सगळं सांगून टाकलं. माझं नाव खरंच घेतलं नाही.

किसनरावांचा काही विश्वास बसेना. "यात काय डाव हाय, धर्मेंद्र? धर्म बदलून राहिला ते बदल ना बाप्पा. मले काहून भानगडीत टाकतं?"

"डाव नाई, दादा. पाप हाय," हे म्हणाले. सब्बलीनं दगड उपटला, खांद्यावर घेतला आणि आमच्या शेतात चालू लागले. बावीस झाडांची ओळ ओलांडली. हे थांबेनात. पुढची ओळसुद्धा ओलांडली!

"अबे थांब ना!" आता किसनरावच घाबरले. "इतका मांगं कुठी होता दगड?"

"नक्की ध्यानात नाई, दादा. कमी पडाले नको, जास्तच घे." आणि दगड टेकवायला वाकले.

ती दुसरी ओळ मी एका उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालून जगवली होती. माझ्या मस्तकात तिडीक गेली. पदर खोचून मी धावत सुटले. "तठी नाई! तठी नव्हता दगड! इहिरीच्या काठापासून एकवीस पावलं होता! मी सोता मोजले होते!"

मी काय बोलून बसले, ते तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

"कोणं मोजले होते?" दुर्गाबाईंनी विचारलं. बारा वर्षांत माझ्याशी बोललेले त्यांचे पहिले शब्द.

"मी."

"अन् पोरीच्या डोक्शावर हात ठेवला होता तो?"

"खोटा होता, बाई. तवापासून तिच्या डोक्शाले हात लावाची हिंमत नाई झाली." मी मातीत बसले आणि भोकाड पसरलं. एवढी मोठी बाई, पण लाज वाटली नाही. इतकं मोकळं वाटत होतं, की रडू थांबवावंसंच वाटेना.

दुर्गाबाई नवऱ्याकडे वळल्या. "आयकलं काय? बारा वर्सं मले येडी म्हणून राहिले. आता म्हना!"

किसनरावांनी संत्र्यांकडे बघत "चुकलं" म्हटलं. "इकडं पाहून म्हना," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी इकडं पाहून म्हटलं.

एकवीस पावलं मोजून मी जागा दाखवली, यांनी दगड रोवला आणि दुसराही त्याच्या ओळीत आणून बसवला. मला वाटलं, संपलं. पण दुर्गाबाईंनी माझा दंड धरला. "झाडाचं राहू दे. जिथी बोलली होतीस, तिथी चाल."

बावीस झाडं देणं सोपं होतं हो! पाराकडे जाताना मी दोनदा मागं वळले. दुर्गाबाईंनी दंड सोडला नाही. पारावर भगवंतराव बसले होते. त्या वेळचे मुख्य पंच ते, आता ऐंशीच्या पुढचे, कानांनी पार गेलेले. मी हळूच सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला. मी जरा मोठ्यानं सांगितलं. ते म्हणाले, "अजून जोरानं!" शेवटी मी बोंबललेच, "मी खोटी शपथ घेतली होती! दुर्गाबाई खऱ्या होत्या!"

न्हाव्याकडचं गिऱ्हाईक एका गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आलं. पिठाची गिरणी थांबली. भगवंतराव म्हणाले, "मंग तो निकाल बदलला समजा." आणि पुन्हा तंबाखू मळू लागले.

दुर्गाबाई पाराच्या कट्ट्यावर बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खुशीले फोन लाव."

"खुशीले काहून, बाई?" मी घाबरले.

"लाव म्हणतो ना."

लावला. त्यांनी माझ्या हातातून घेतला. "पोरी, वळखलं काय?"

पलीकडून खुशीचा आवाज आला, "मोठीआई?"

दुर्गाबाईंचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. "हो, मीच. रविवारी तुझा बाप पाण्यात उतरते म्हणे. मी पाहाले जाऊन राहिली, तू बी ये. अन् आल्यावर पहिले मायपाशी जाय. तिले तुझ्या डोक्शावर हात ठेवाचा हाय."