आतड्याची झाली पिशवी

मित्रांनो, मी आतड्याचा एक जुना तुकडा आहे, हातभर लांब. नाक मुरडू नका, तुमच्याही पोटात माझी भावंडं आहेत. माझे मालक मोहिउद्दीनभाई आर्णीत पंपाच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात. पंचावन्न वर्षं मी त्यांची भाकर पुढे ढकलली. कोणी शाबासकी दिली नाही, मीही मागितली नाही.

सहा वर्षांपूर्वी बिडीने घात केला. त्यांच्या मूत्राशयात कर्करोग निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी मूत्राशय काढलं, मला कापून, उलगडून, गोल शिवलं आणि त्याच्या जागी बसवलं. उतारवयात नोकरी बदलली! मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण आतड्याच्या दोन खोडी माझ्यात राहिल्याच. मी चिकट स्राव सोडत राहतो, आणि भरलो तरी मालकाला सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, की पाणी भरपूर प्या, नळीने पिशवी धूत जा आणि दर चार तासांनी ती रिकामी करा.

मोहिउद्दीनभाई घड्याळ वापरत नाहीत. त्यांचा दिवस मशिदीच्या अजानीवर चालतो. अजान झाली, की आधी लघवीला जायचं, मग हातपाय-तोंड धुऊन वजू, मग नमाज, असं त्यांनी बसवून घेतलं. बरं वाटू लागल्यावर नळीने धुणंही सुटलं. दर तपासणीला डॉक्टर विचारत, "दिवसातून किती वेळा जाता?"

"पाच वेळा, बरोब्बर. एक बी चुकत नाही."

डॉक्टर समाधानाने मान डोलवत. माझा जीव मात्र आत तुटत असे. दुपारनंतरच्या अजानी जवळजवळ येतात. पण रात्रीच्या शेवटच्या, इशाच्या अजानीपासून पहाटेच्या फजरपर्यंत नऊ तास, आणि पहाटेपासून दुपारपर्यंत आठ तास मी तुडुंब भरून बसलेला असायचो.

साचलेल्या लघवीत माझाच स्राव गोळा झाला, त्यावर क्षार चढले आणि लिंबाएवढा खडा तयार झाला. यंदा मोहिउद्दीनभाई थंडीतापाने आडवे पडले. यवतमाळला सोनोग्राफी केली. खडा तर दिसलाच, पण तुंबलेल्या लघवीचा दाब मागे जाऊन डावं मूत्रपिंडही निकामी झालेलं दिसलं.

रोज पाच वेळा जाऊनही लघवी तुंबली कशी, या कोड्यात डॉक्टर पडले. तेव्हा मोहिउद्दीनभाईंची बायको जुबैदा हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे अजानीवर जातेत. मंग इशा ते फजर मधात नऊ घंटे होतेत ना!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मी त एक बी वेळ चुकवली नाही," मोहिउद्दीनभाई म्हणाले. "मंग काहून असं झालं?"



पोटाला छोटं भोक पाडून, दुर्बीण घालून डॉक्टरांनी खडा फोडून काढला. आता जुबैदा मोबाइलवर गजर लावते, पाण्याचा तांब्या हातात देते, रोज नळीने मला धुते. तरी खडा पुन्हा होऊ शकतो, कारण माझा स्वभाव काही बदलायचा नाही. उजवं मूत्रपिंड एकटंच राबतं आहे, आणि तेही थकत चाललं आहे. मला त्याची फार लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या पोटात माझ्यासारखी पिशवी असेल, तर किती वेळा गेलात एवढ्यावर थांबू नका. कोणकोणत्या वेळी गेलात, तेही विचारा. सहा वर्षांत एवढं एकदा कोणी विचारलं असतं, तर मोहिउद्दीनभाईंचं डावं मूत्रपिंड आज जिवंत असतं.