कारण अज्ञात

दम्याच्या साठ मुलांची डॉक्टर तीन वर्षं पाहणी करणार होते. पहिल्या वर्षाचा लेख त्यांनी मोठ्या ऐटीत वैद्यकीय मासिकाला पाठवला, तर तो आठवड्यात परत! शेरा एकच: 'अकरा मुलं मध्येच सोडून गेली. कारण अज्ञात म्हणून भागणार नाही.'

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक न सांगता यायचे बंद होतात, त्याला ते तरी काय करणार? तरीही त्यांनी दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाईंना विचारलं. बाईंनी शांतपणे वही उघडली.

"चौघांनी घर बदललं. सात तुमच्यामुळे गेले."

"माझ्यामुळे?"

"पोराने पंप नीट ओढला नाही की आईवर खेकसता. ती पुन्हा कशाला फिरकतेय? मी तारीखवार लिहून ठेवलंय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही खेकसला असतात."

"मी? मी कधी खेकसतो?" डॉक्टर असे गरजले की दाराची काच थरथरली.

बाहेर बाकावर पाहणीतल्या तपासणीसाठी बसलेल्या एका आईने लेकीला उचलून कडेवर घेतलं आणि ती तडक जिना उतरली.

नर्सबाईंनी सात खोडून आठ केले आणि पुढे आजची तारीख घातली.