हिल्डाच्या खळ्यावरची मळणी

मी एक जुने मळणी यंत्र आहे. कॅन्ससच्या सपाट माळावर, हिल्डा आजींच्या कोठारात माझे आयुष्य गेले.

मित्रांनो, माझ्या उमेदीच्या काळात गव्हाचा हंगाम आला की मला शेतोशेती ओढत नेत. ट्रॅक्टरचा लांब पट्टा माझ्या चाकावर चढला की मी धडधडू लागे. पण मी एकटे काय करणार? पेंढ्या टाकायला, पोती भरायला, भुसा ओढायला पुष्कळ हात लागत. म्हणून सगळे शेजारी आज या घरी, उद्या त्या घरी राबत. दुपारी मोठी पंगत बसे. छोटी हिल्डा सगळ्यांना पाणी देत फिरे आणि ऐटीत सांगे, "आमचं यंत्र सगळ्यांत भारी!"

मग कंबाइन आले. कापणी नि मळणी एकाच वेळी, तीही एकट्या माणसाच्या हातून. मला राग नाही आला. माणसांचे कष्ट वाचले. पण शेजाऱ्यावाचून शेजाऱ्याचे अडेनासे झाले. शेते मोठी झाली, घरे ओस पडली, शाळा बंद झाली. मी कोठारात धूळ खात राहिले. खळ्यावरच्या त्या हसण्या-ओरडण्यासाठी जीव तुटायचा.

यंदा हिल्डा आजींनी शेत विकले. त्या शहरातल्या वृद्धाश्रमात निघाल्या होत्या. अरुण काका पुण्याहून येऊन या भागात डॉक्टर झालेले, त्यांना त्या म्हणाल्या, "जाण्याआधी एकदा याचा आवाज ऐकायचाय."

काकांनी मला तेलपाणी केले. सुवर्णा काकू आणि प्लेनो शहरातून आलेली त्यांची नात अनया, दोघींनी शेताच्या कोपऱ्यातला गहू विळ्याने कापला.

रविवारी मी पुन्हा धडधडले. आजींनी पडणाऱ्या दाण्यांखाली ओंजळ धरली. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "चला, सगळ्यांना जेवायला बोलवा."

आत टेबलभर ताटे मांडलेली होती. माझ्याभोवती माणसे मात्र ही चारच.

"आजी, हू इज शी टॉकिंग अबाउट?" अनयाने काकूंना हळूच विचारले.

काकूंनी दारातून त्या मांडलेल्या ताटांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "अरुण, गाडीची चावी दे. अनया, चल, आपण एक राउंड मारून येऊ. सगळ्यांना इन्व्हाइट करू."

पहिला आला कोडी, शेजारचे रान कंबाइनने कापणारा. टोपी हातात घेऊन तो दारातच घुटमळला. "रोज तुमच्या घरावरून जातो मी. आत कधी आलोच नाही."

"हात धू आणि बस," आजी म्हणाल्या. "बटाटे गार होताहेत."

मग आणखी काही जण आले. सगळी ताटे भरली नाहीत. पण अंधार पडेपर्यंत कुणी उठलेही नाही.

आठवड्याने आजी वृद्धाश्रमात राहायला गेल्या. कोडीने मला आपल्या शेडमध्ये नेले, आता तोच मला तेल देतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाच. पण त्याआधी, ज्या घरावरून रोज जाता, त्याचे दार एकदा वाजवा. काम नसले तरी वाजवा.