बोटांनी लावायचा नट

खुर्ची संध्याकाळी सातच्या आत दवाखान्यात पोचायला हवी होती, आणि सकाळी साडेअकरा वाजता ट्रेलरचं चाक काढून बाबा अंगणात फतकल मारून बसले होते.

खुर्ची म्हणजे दातांच्या डॉक्टरची, दिव्यासकट आणि थुंकायच्या भांड्यासकट. दातांची डॉक्टर मी. आठ वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात दुसऱ्यांच्या पेशंटचे दात उपटल्यावर माझा स्वतःचा दवाखाना उघडणार होता, इथून चार तासांवर. खुर्ची जोडून देणारा माणूस सात ते नऊ एवढाच मोकळा होता. दुसऱ्या दिवशी दहाला परवान्याची तपासणी. तेव्हा खुर्ची उभी नसेल तर पुढची तारीख तीन महिन्यांनी. हे मी बाबांना सकाळपासून सहा वेळा सांगितलं होतं.

"सातव्यांदा सांग," ते म्हणाले, "म्हणजे बेरिंग आपोआप बदलेल."

सकाळी ट्रेलर गाडीला जोडून आम्ही हवा भरायला नेला होता, तेव्हा डाव्या चाकातून घरघर येत होती म्हणे. मला काही ऐकू आलं नव्हतं. बाबा चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते, त्यांना शेजाऱ्यांच्या पंख्याचं बेरिंग भिंतीपलीकडून ऐकू येतं. घरी परतल्यावर चाकाच्या मधल्या लोखंडी हबवर तळहात टेकवून ते मला समजावत उभे राहिले, की आतल्या रोलरचं ग्रीस सुकलंय, असाच निघालो तर अर्ध्या वाटेत चाक आपल्या पुढे पळेल. मीही हात लावला आणि झटकन मागे घेतला. नुसता तवा झाला होता.

"भाजतंय की," मी म्हणाले.

"भाजणारच," ते म्हणाले, आणि मग हात काढला. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. फोन खिशातून काढायचा, वेळ बघायची, परत ठेवायचा. ओट्यावर ताडपत्रीत बांधलेली खुर्ची माझ्याकडे बघत बसली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईने ऐकवलंच, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी म्हटलं, मला नवरा नको, चाक हवंय.

बाबांनी मात्र काही गाळलं नाही. हबमध्ये घट्ट बसलेल्या जुन्या कड्या पंच आणि हातोडीने ठोकून काढल्या. जुने रोलर माझ्यापुढे धरले. त्यांना निळी झाक आली होती, वर बारीक खड्डे पडले होते. किडलेल्या दाढेसारखे दिसतात, एवढं मात्र मला पटलं. नव्या बेरिंगमध्ये तळहातावरून ग्रीस दाबून भरलं, हब दांड्यावर चढवला, नट लावला. मला वाटलं, सुटलो. तर ते उजव्या चाकाकडे वळले.

"ते तर चांगलं आहे!"

"एक गेलं की दुसरं वाटेवरच असतं. अति घाई..."

"संकटात नेई. माहीत आहे."

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो गिळायचा म्हणून मी हाताला काम शोधलं आणि झालेलं डावं चाक उगाच फिरवून पाहिलं. ते दीड फेरा फिरलं आणि थांबलं. पुन्हा जोर लावून फिरवलं. पुन्हा तेच.

नटाचं गणित मी लहानपणापासून ऐकत आले आहे. चाक फिरवत पान्याने आवळायचा, मग सोडायचा, मग नुसत्या बोटांनी लावायचा आणि जिथे टेकेल तिथे थांबायचं. सैल राहिला तर चाक डुगडुगतं, घट्ट झाला तर नवं बेरिंगसुद्धा जळतं. मधली जागा कागदाएवढी, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यात मोठमोठी यंत्रं जोडून झाली की हा शेवटचा नट लावायला बाबांनाच बोलावायचे.

मी वळले. उजव्या नटात घालायची पिन बाबांच्या हातून खाली पडली होती. त्यांनी उचलली, पुन्हा पडली. ग्रीसमध्ये लाल रेघ दिसली.

"बाबा, रक्त येतंय."

त्यांनी दोन्ही हात वर करून निरखले, कुठल्या हाताला लागलंय ते शोधायला.

सकाळचा तो तापलेला हब, त्यावर निवांत टेकलेला तळहात. रोज दात उपटण्याआधी मी परक्या माणसांना विचारते, साखर आहे का, हातापायांना मुंग्या येतात का, आणि ज्यांच्या ताटाशेजारी माझं ताट असतं त्यांना कधी विचारलं नाही. घाई होती ना मला. कायमच असते.

"डावं चाक मी एकदा खोलून बघू?" मी म्हणाले. "मला शिकायचंय."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" त्यांनी चिंधीला हात पुसले. "घाईत असताना तू जन्मात काही शिकली नाहीस. बोल काय ते."

"नट जास्त आवळला गेलाय."

मला वाटलं, आता भांडतील. नटावरून ते साहेबांशीसुद्धा भांडलेले आहेत.

"खूप?" त्यांनी हळूच विचारलं.

"दीड फेऱ्यात थांबतं. कधीपासून हे?"

"झालं असेल वर्ष. साखरेने होतं म्हणाला डॉक्टर."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"तू दातांची."

"आईला?"

"तिला सांगितलं की रात्रीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळतं. आणि मग ट्रेलरला कोण हात लावू देईल मला?"

मला रडूही येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. दोन्ही न करता मी डाव्या चाकाची टोपी काढली, पिन ओढली, नट सोडला. ते शेजारी उकिडवे बसले. बोटांच्या टोकांनी नट पुढे नेला तसा तो हलका चालत आला आणि एका जागी येऊन थांबला. दाताच्या मुळाशी सुई पोचते तेव्हा अगदी असंच कळतं.

"टेकला," मी म्हणाले.

"टेकला की अडला?"

मी मागे घेऊन पुन्हा आणला. "टेकला."

"चाक वरखाली हलव. खुळखुळतंय?"

"नाही."

"फिरव."

चाक फिरत राहिलं. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि चाक थांबेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग मान हलवली. उजवंही मीच केलं. पिनासुद्धा मीच घातल्या.

शेजारच्या दोघा भावांनी हात लावून खुर्ची ट्रेलरवर चढवली. अडीच वाजले होते. सात अजून गाठता येणार होते. बाबा हात धुऊन आले आणि सवयीने गाडीच्या दाराकडे गेले. दार उघडून आत बसलेसुद्धा. पण मला आता जे आठवलं होतं ते गप्प बसू देईना. हे दुखणं हातांपासून सुरू होत नाही, आधी पावलं जातात.

मी खिडकीशी गेले. "पायांचं काय?"

त्यांनी समोर काचेतून पाहिलं. "ब्रेक लागतो की."

"पाय ब्रेकवर आहे हे कसं कळतं?"

त्यांनी आरसा उगाच नीट केला. मग म्हणाले, "खाली बघतो."

रस्त्यावर, भरल्या रहदारीत, माझे बाबा खाली बघतात. त्या क्षणी मला खुर्ची नको होती, परवाना नको होता. ते मात्र किल्ली मुठीत धरून बसले होते. ट्रेलर मागे जोडून मी आजवर एकदाही गाडी चालवली नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं.

"मग मी काय करू आता?" त्यांनी विचारलं. जन्मभर मला काय करायचं ते सांगणारा माणूस हे विचारत होता.

"शेजारी बसा. मी चुकले की ओरडा."

"तू चुकणारच," ते म्हणाले. किल्ली माझ्या हातात दिली, उतरले, आणि गाडीला धरत धरत वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढले.

गल्लीच्या तोंडापर्यंत ते चार वेळा ओरडले. मी एकदाही उलटून बोलले नाही.