अकरा कंद

गुरुशांतने तिसरी कुंडी घंटागाडीत उपडी केली आणि वरच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. नीलम्मा महिन्यापूर्वीच लेकीच्या बाळंतपणाला अकलूजला गेली होती. जाताना लाल लिलीच्या कुंड्या त्याच्या दारात ठेवून म्हणाली होती, "तेवढं पाणी घाला, अण्णा. ह्यांच्या हातची हायत."

नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. गुरुशांतने चार दिवस पाणी घातलं, मग विसरला. पानं पिवळी पडली, वाळून मातीवर लोळली. चारचौघांच्या नजरेला येण्याआधी कुंड्या मोकळ्या केलेल्या बऱ्या, असं त्याला वाटलं.

दुपारी नीलम्माचा फोन आला.

"पानं वाळली असतील की, अण्णा. घाबरू नका. थंडीत झोपत्यात ती. आता कंद उकरून काढा आन् सावलीत पसरा. शिवरात्र झाली की परत लावायचं."

गुरुशांतने दारातल्या रिकाम्या कुंड्यांकडे पाहिलं.

"काढलेत की, अक्का."

"व्हय? किती निघालं?"

"अकरा."

"अकरा!" ती हसली. "मागच्या साली सातच होतं. पिल्लं धरली म्हणायची. ह्यांना लई आनंद झाला असता."

फोन ठेवून तो अनवाणीच गल्लीच्या टोकापर्यंत गेला. घंटागाडी सकाळीच गेलेली, हे त्याला ठाऊक होतं. तरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने नर्सरीतून अकरा कंद आणले, मातीत घोळवले आणि जुन्या पेपरवर मांडले. नीलम्मा परतली तेव्हा तिने एकेक कंद उचलून पदराने पुसला. गुरुशांत काहीतरी काम आठवल्यासारखं करून बाहेर पडला. पुढे तिच्या गॅलरीखालून जाताना तो मान वर करीनासा झाला.

एप्रिलमध्ये दांडे वर आले. पहिलं फूल उमललं ते पांढरं. दुसरंही पांढरंच.

त्या संध्याकाळी तो जिना चढला. नीलम्मा मोबाईलवर लेकीला फुलं दाखवत होती.

"अगं आई, बाबांची तर लाल होती की!" मोबाईलमधून आवाज आला.

नीलम्माने दारातल्या गुरुशांतकडे पाहिलं.

"औंदा ऊन लई हाय. रंग उतरला असंल," ती लेकीला म्हणाली आणि फोन ठेवला.

"अक्का, मी..."

"थंडीत वर या, अण्णा," ती कुंडीतली माती दाबत म्हणाली. "कंद कसं काढायचं, दाखवते तुमाला."

गुरुशांतने होकारार्थी मान डोलावली. पण कठडा धरलेला हात त्याला किती तरी वेळ सोडवेना.